पारा चढला, फेस आला

२३ एप्रिल. नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडबाजारात या सुमारास दुपारचं गिऱ्हाईक पातळ झालेलं असतं, कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागलेल्या असतात आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी अग्रसेन चौक ओलांडत नाही. जर्मनीतल्या बव्हेरियात हीच तारीख भलत्याच कारणासाठी ठरलेली होती. १५५३ च्या हुकुमानुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला तिथे सक्त मनाई होती. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. मग मार्चमध्येच जरा कडक बिअर करायची, थंड तळघरात पिपं भरून ठेवायची आणि अख्खा उन्हाळा त्यावर काढायचा. मार्चची ती बिअर ‘मेर्झेन’ या नावाने आजही मिळते. बंदी उठायला १८५० साल उजाडलं.

म्युनिकचा जुलैतला दिवस साधारण २४ अंशांचा असतो. एवढ्याशा उन्हाला भिऊन त्यांनी पाच महिने भट्ट्या विझवल्या. आणि आमच्या नागपूरचा विक्रम आहे ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. मे २०२४ मध्ये रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्राने तर ५६ आकडा दाखवला आणि देशभर बातमी झाली. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं.

एवढ्या उन्हात बिअर आंबवायची तर कोणती, हा प्रश्न मला फार आवडतो. कारण त्याचं उत्तर जिभेपाशी मिळत नाही, थर्मामीटरपाशी मिळतं. खोलीत किती अंश आहेत ते आधी बघायचं, त्या तापमानात सुखाने काम करणारा जीव शोधायचा आणि तो जी बिअर देईल ती प्यायची. जगातल्या कितीतरी चविष्ट बिअर अशाच जन्मल्या.

आधी कायदा

महाराष्ट्रात घरी बिअर बनवता येत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याशिवाय मद्य बनवू देत नाही, अगदी स्वतःपुरतं असलं तरी. प्यायचा परवाना लागतो, आणि बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. गांधीबागेतून वर्ध्याच्या रस्त्याला लागलात तर दीड-दोन तासांत तुम्ही पूर्ण दारूबंदीच्या जिल्ह्यात असता. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले; त्या भूमीचा मान म्हणून वर्ध्यात बंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ मध्ये उठली.

अमेरिकेत घरच्या बिअरला केंद्राची मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सही केली तेव्हा: दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्यं २०१३ पर्यंत अडून होती. ब्रिटनने १९६३ मध्येच परवाना रद्द केला होता. म्हणजे पुढच्या गोष्टींचा प्रत्यक्ष उपयोग ह्यूस्टन, फिनिक्स, पर्थ इथल्या मराठी घरांना. इथल्यांनी त्या मायक्रोब्रुअरीत यादी हातात आल्यावर आठवाव्यात. गांधीबागेतल्या स्वयंपाकघराला कायद्याने पूर्ण मोकळं असलेलं एक आंबवलेलं पेय शेवटी आहेच.

यीस्टलाही ऊन लागतं

बिअरच्या यीस्टची दोन मोठी घराणी. एल बनवणारं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत खूश असतं. लागर बनवणारं ८ ते १३ अंशांत. आपल्याकडे बाटलीत मिळणारी बहुतेक बिअर लागर, म्हणजे थंडीतल्या यीस्टची.

तापमान चढलं की यीस्ट थांबत नाही, उलट सुसाट सुटतं. इथेच घात होतो. घाईत ते जड अल्कोहोलं सोडतं. बिअरला थिनरसारखा वास येतो आणि घशाला चटका बसतो. शिवाय आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. खोलीत २५ अंश असतील तर भांड्याच्या आत २८-३० सहज होतात. म्हणून जाणकार पहिल्या तीन दिवसांवर डोळा ठेवतात. चवीचं बरं-वाईट बहुतेक तेव्हाच ठरतं. पुढे दोन-चार अंश वर गेले तरी फारसं बिघडत नाही.

लागरच्या यीस्टला थंडीची सवय कुठून लागली, हे कोडं २०११ मध्ये बरंचसं सुटलं. त्याच्या आईबापांपैकी एक अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या थंड जंगलात, झाडांवर उगवणाऱ्या गाठींत सापडला. नंतर तोच तिबेटातही आढळला. असा वंश असलेल्याला मे महिन्यात कोंडायचं म्हणजे त्याचा छळच.

ओल्या फडक्यात नागपूर मुंबईला हरवतं

माझी सगळ्यात आवडती गोष्ट ही. परदेशातल्या हौशी मंडळींची एक जुनी युक्ती आहे: बिअरचं भांडं पाण्याच्या टबात ठेवायचं, त्याला जुना सुती टी-शर्ट घालायचा, शर्टाचं टोक पाण्यात बुडवायचं आणि पंखा लावायचा. कापड पाणी वर ओढतं, वारा ते उडवतो, भांडं गार होतं. आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो त्यामागेही हेच शास्त्र आहे. कुलरमागेही.

यात गंमत आकड्यांची आहे. ओल्या फडक्याने किती गार होईल याला एक खालची हद्द असते आणि ती हवेतल्या दमटपणावर ठरते. नागपुरात मेच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरा. हद्द येते सुमारे २३ अंश. मुंबईत ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरा. हद्द येते सुमारे २९. मुंबईची हवा अकरा अंशांनी थंड, आणि तरी तिथलं ओलं फडकं सहा अंशांनी गरम! प्रत्यक्षात कुठलंही फडकं हद्दीपर्यंत पोचत नाही, दोन-तीन अंश अलीकडेच थांबतं. पण आमच्या कोरड्या उन्हाची ही ताकद आम्हीच फार कमी ओळखतो.

माझा भाचा फिनिक्सला असतो. तिथला जून आपल्या मेसारखाच, भाजून काढणारा आणि कोरडा. “मामा, इथे एसीच्या बिलाने जीव जातो,” म्हणाला, तेव्हा मी त्याला मांजरपाट वापरायला सांगितलं. जाड, बिनधुतलेलं, खळ असलेलं नको. ते पाणी ओढत नाही. दोन-तीनदा उकळत्या पाण्यातून काढलेलं, मऊ पडलेलं हवं. गांधीबागेत कापडाच्या ताग्यांमध्ये वाढलेल्या माणसाला एवढं कळतं. भांड्याला कापड घट्ट चिकटलं पाहिजे, मध्ये हवेची पोकळी राहिली की गारवा भांड्यापर्यंत पोचतच नाही. टबात सकाळ-संध्याकाळ गोठवलेली पाण्याची बाटली टाकली की आणखी तीन-चार अंश उतरतात. ह्यूस्टनला राहणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये, तिथली हवा मुंबईच्या जातीची.

नॉर्वेचं यीस्ट, संत्र्याचा वास

उन्हाळ्यात सगळ्यात उपयोगी पडणारं यीस्ट कुठलं? वाळवंटातलं असेल असं वाटतं. ते निघालं नॉर्वेच्या फ्योर्डकाठचं!

त्याचं नाव क्वाइक. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी घरांनी ते शतकानुशतकं जपलं. कोमट, जवळजवळ अंगाच्या उष्णतेचं माल्टचं (मोडवलेल्या धान्याचं) पाणी, त्यात हे यीस्ट टाकायचं. व्हॉस भागात ३९ अंशांना टाकण्याची पद्धत आहे. इतर यीस्ट ज्या तापमानात कडवट, झोंबरं काहीतरी करून ठेवतं, तिथे हे दोन-चार दिवसांत स्वच्छ बिअर हातात ठेवतं. काम झालं की तळाचा किंवा फेसाचा साका लाकडी कड्यांवर, नाहीतर फडक्यावर वाळवायचा आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवायचा. घरचं यीस्ट गेलं तर शेजारच्याकडून आणायचं, आपण विरजण आणतो तसं. काही गावांत यीस्ट टाकताना मोठ्याने आरोळी ठोकायची रीत होती. आरोळी जेवढी जोरकस तेवढी बिअर कडक, अशी समजूत.

लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेजियन माणसाने गावोगाव फिरून या परंपरेची नोंद केली आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. २०१८ मध्ये कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकं तपासून दाखवलं की क्वाइक हे माणसाळवलेल्या यीस्टचं स्वतंत्र कूळच आहे. आणि व्हॉसच्या क्वाइकची ओळख म्हणजे त्याला येणारा संत्र्याच्या सालीचा वास. चाळीस अंशांत काम करणारं आणि संत्र्याचा दरवळ देणारं यीस्ट नागपूरच्या वाट्याला यायला हवं होतं, गेलं नॉर्वेला!

त्याचा आणखी एक फायदा आहे. उकळलेलं माल्टचं पाणी यीस्ट टाकण्याआधी गार करावं लागतं, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला गरम पाणीच येतं. क्वाइकला ३८-३९ चाललं की ही कटकट निम्मी संपते. ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी याच त्रासावर वेगळा तोडगा काढला: उकळतं पाणी तसंच जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावायचं आणि रात्रभर आपोआप निवू द्यायचं. उष्णतेनेच डबा निर्जंतुक होतो.

शेतमजुरांची सेझों

बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातली ही बिअर. थंडीत करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना द्यायची, असा तिचा इतिहास सांगतात. तूर्प गावातल्या द्युपों ब्रुअरीची सेझों जगाने आदर्श मानली. तिचं यीस्ट तिशीच्या वर, ३२-३३ अंशांतही रमतं. उलट गार ठेवलं तर अर्ध्यात रुसून बसतं. मिरी, लिंबाची साल, कोरडा ठणठणीत शेवट. उकाड्यात जेवणासोबत याहून चांगलं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण सांभाळून. सेझोंच्या बऱ्याच यीस्टमध्ये असं जनुक असतं की इतर यीस्टला न पचणारी साखरही ते हळूहळू तोडून खातं. घाईने बाटल्या भरल्या तर ते आत खातच राहतं, वायू वाढतो आणि बाटली फुटते. उन्हाळ्यात तर हमखास. आंबणं पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय बूच लावायचं नाही.

केळं, लवंग आणि मधमाशी

हेफेवायझेन ही बव्हेरियातली गव्हाची, गढूळ बिअर. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळं नाही, लवंग नाही, सगळी यीस्टची करामत. तापमान वाढवलं की केळं पुढे येतं, कमी ठेवलं की लवंग. २२-२३ अंशांपर्यंत ती गोड मानून घेते. त्यापुढे मात्र केळ्याचं शिकरण होतं. केळ्याचा तो वास ज्या रसायनाचा, तेच रसायन मधमाशी डंख मारताना धोक्याची हाक म्हणून सोडते! म्हणूनच पोळ्याजवळ केळं खाऊ नये, असं मधमाशीपालक सांगतात.

धणे इतवारीतले, साल संत्र्याची

विटबिअर हे बेल्जियमचं उन्हाळी पेय. न मोडवलेला गहू, जवाचं माल्ट, धणे आणि संत्र्याची वाळलेली साल. पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा मी उडालोच. धण्यासाठी इतवारीच्या किराणा बाजारात जायचं, ते गांधीबागेतून पायी दहा मिनिटांवर. आणि संत्र्याबद्दल नागपूरकराला काय सांगायचं! नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बेल्जियन लोक कडू जातीच्या संत्र्याची साल वापरतात. आपल्या संत्र्याची साल ढिली, पातळ आणि गोडसर वासाची. आतला पांढरा भाग खरवडून काढायचा, साल सावलीत वाळवायची. मृगबहाराची फळं फेब्रुवारी-मार्चात येतात तेव्हा हे काम उरकलं की उन्हाळाभर पुरतं. धणे कुटायचे, पूड करायची नाही. पूड केली की बिअरला मसाल्याच्या डब्याचा वास येतो.

ही बिअर मरून पुन्हा जन्मली आहे. हूगार्डेन गावातली शेवटची विटबिअर ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद पडली. लहानपणी तिथे हाताखाली काम केलेल्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याला गावकऱ्यांची हळहळ पाहवेना. त्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली आणि ती जगभर पोचली. पुढे म्हातारपणी त्याने दुसरी ब्रुअरी काढली, कुठे? टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या उकाड्यात, १९९२ मध्ये.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, पुण्याची डूलॅली, २००९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या मायक्रोब्रुअऱ्यांत गव्हाच्या बिअर हमखास दिसतात: हेफेवायझेन आणि विट. कडू कमी, हलकी, गार. आपल्या हवेने आपली निवड बरोबर केली.

मिठाची बिअर

लाइपझिगची गोझं. तिच्यात मीठ असतं, धणे असतात आणि आंबटपणा आणतात ते लॅक्टोबॅसिलस, म्हणजे ताकातले भाऊबंद. मठ्ठा पिऊन वाढलेल्याला पहिल्याच घोटाला ओळख पटते. १९६० च्या दशकात हिचीही शेवटची ब्रुअरी बंद झाली होती, १९८० च्या दशकात ती परतली. बर्लिनर वाइस ही तिची चुलत बहीण. तिच्यात लाल नाहीतर हिरवं सरबत घालून पितात.

आंबट बिअरचं उन्हाळ्याशी खास जमतं. लॅक्टोबॅसिलसला ३५ ते ४५ अंश हवे असतात. युरोपात त्यासाठी एक-दोन दिवस हीटर लावून भांडं कोमट ठेवावं लागतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आमच्या माळ्यावर तेवढी ऊब रात्रीही असते. मग आंबवून झालं की एक उकळी द्यायची, जिवाणू संपतात, आणि गार करून यीस्ट टाकायचं.

बर्फ नसलेलं शहर, बर्फ बनवणारा इंजिनिअर

१८४९ च्या सोन्याच्या लाटेनंतर सॅन फ्रान्सिस्कोत जर्मन बिअरवाले पोचले. सोबत लागरचं यीस्ट होतं, बर्फ नव्हता. त्यांनी उथळ, पसरट हौदांत ते यीस्ट भलत्याच उबेत आंबवलं. त्यातून निघालेली ‘स्टीम बिअर’ अँकर ब्रुअरीने जगवली. ही ब्रुअरी १८९६ पासूनची, १९६५ मध्ये बुडता बुडता फ्रिट्झ मेटॅगने विकत घेऊन वाचवली. २०२३ मध्ये मात्र तिला टाळं लागलं. मला याचं खरंच वाईट वाटतं. पंधरा-सोळा अंश सांभाळता येत असतील तर स्टीम बिअर करून पाहावी अशीच आहे.

आणि ज्यांना उन्हाळ्यातही लागरच हवी होती त्यांनी काय केलं? त्यांनी तुमच्या-आमच्या घरात फ्रिज आणला! कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्राला १८७० च्या दशकात पैसा आणि जागा दिली ती म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने. पुढचं सुधारलेलं यंत्र गेलं त्रिएस्तच्या बिअर कारखान्यात, कारण त्या बंदराची हवा उबदार. दूध-भाजी नंतरची. उष्णता आणि काम यांचं नातं मोजणारा जेम्स जूलही मँचेस्टरजवळच्या बिअर कारखानदाराचाच मुलगा. अंशाच्या बारीक तुकड्यापर्यंत तापमान वाचायची सवय त्या घरातली.

डोंगरावर पळालेल्या भट्ट्या

इंग्रजांनी हिंदुस्थानात बिअर बनवायचं ठरवलं तेव्हा त्यांनी मैदान सोडून डोंगर गाठला. एडवर्ड डायरने १८५५ मध्ये कसौलीला ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा हा बाप. १८६० ची मरी ब्रुअरीही डोंगरातलीच. मैदानातल्या छावण्यांना बिअर विलायतेहून यायची. इंडिया पेल एलचं नाव गाजलं, पण गोऱ्या शिपायांसाठी जहाजं भरून यायची ती काळी पोर्टर. ४४ अंशांत काळी पोर्टर! १८२१ पासून छावणी असलेल्या कामठीच्या उन्हाचा विचार केला की घसा कोरडा पडतो.

उन्हाळ्यात ही इंडिया पेल एल (आयपीए) घरी करू नये, असं मी सांगेन. बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा ताजा वास उष्णतेने झपाट्याने उतरतो. जास्त अल्कोहोलच्या कडक बिअरही नकोत; यीस्ट जेवढं जास्त राबतं तेवढी उष्णता जास्त, आणि पिणाऱ्याचं अंगही सुकतं. साडेतीन-चार टक्के पुरे.

आणि बाटली उन्हात ठेवू नका, पाच मिनिटंही. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर ऊन पडलं की गंधकाचं एक रसायन तयार होतं. अमेरिकेतला स्कंक हा प्राणी सोडतो तसला घाण वास येतो. तपकिरी काच हे ऊन अडवते, हिरवी फारसं नाही, पांढरी अजिबात नाही.

ज्वारीची गोष्ट

दक्षिण आफ्रिकेत उमकोंबोथी नावाची बिअर आहे, मका आणि मोडवलेल्या ज्वारीची. आधी ती आंबट होते, मग तिच्यात थोडं अल्कोहोल चढतं, आणि आंबणं चालू असतानाच घट्ट, दुधाळ, फेसाळ अशी पितात. झांबिया-झिम्बाब्वेकडे तशीच चिबुकू पुठ्ठ्याच्या डब्यात मिळते. प्यायच्या आधी हलवायची, म्हणून लोक तिला ‘शेक शेक’ म्हणतात. उष्ण देशाने उष्ण देशातलं धान्य घेतलं, थंडीची वाट पाहिली नाही.

आपल्याकडची ज्वारी पहिल्या पायरीवर थांबते, आणि तिचं आंबील होतं. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीचं आंबील लागतंच, पण मला ते खरं पटतं मे महिन्यात. वाटीभर ज्वारीचं पीठ, दोन वाट्या ताक, गुठळी राहू द्यायची नाही. स्टीलचं नको, मातीचं नाहीतर चिनी मातीचं भांडं. वर मांजरपाटाचं फडकं बांधायचं, झाकण घट्ट लावायचं नाही. काही तासांनी फडकं उचलून बघा: पीठ खाली बसलेलं, वर पिवळसर पाणी, कडेला बारीक बुडबुडे. पळी फिरवली की ते सळसळून वर येतात.

मग तीन-चार वाट्या पाण्याला उकळी आणायची आणि हे पीठ बारीक धारेने सोडत एका हाताने घोटत राहायचं. सात-आठ मिनिटांत कच्चा वास जातो, चकाकी येते. शिजवल्यामुळे आंबणं तिथेच थांबतं, म्हणून ते लहान मुलांनाही चालतं आणि वर्ध्यातही. निवलं की ताकाने पातळ करायचं, मीठ, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वरून कोथिंबीर. कुणी बारीक कांदाही घालतं.

किती वेळ आंबवायचं, हे घड्याळाला विचारू नका. थंडीत अख्खी रात्रही पुरत नाही आणि नवतप्यात सकाळी कालवलेलं दुपारच्या जेवणाला तयार असतं. फडकं उचला आणि वास घ्या: दह्यासारखा गोड-आंबट आला की लगेच चुलीवर चढवा, नाकात चढणारा आला तर उशीर झाला.